ताईंचा डावा पाय

बूट मी घेतले होते, हे आधीच सांगून टाकते.

पुण्यात, एका रविवारी सकाळी अकरा वाजता, ताईंना बरोबर न नेता. त्यांचा नंबर मला पाठ होता, सहा. दुकानातल्या मुलाने जांभळट रंगाचे, हातात वजन जाणवू नये इतके हलके बूट पुढे ठेवले. मी अंगठ्याने टोक दाबून पाहिले, जणू आत पाय होताच, आणि घेऊन टाकले. "गोव्यात खूप चालायचंय, तुमच्या चपलांचं काम नाही," असे म्हणत ते त्यांच्या हातात ठेवले तेव्हा ताई चक्क लाजल्या. शाळेतल्या कवायतीनंतर लेसचे बूट त्यांच्या पायात पहिल्यांदाच चढत होते. आता वय अठ्ठावन्न.

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. बँकेतून निवृत्त, गुडघे ठणठणीत, साखर बारा वर्षांपासून. गोळ्या वेळेवर घेतात, चहा बिनसाखरेचा पितात आणि लग्नात जिलबी दिसली की "आज एक" म्हणतात. तक्रार करणे त्यांच्या स्वभावात नाही. या गुणाचे आम्ही घरात इतकी वर्षे कौतुक करत आलो आहोत, ते पुढे फार महागात पडणार होते.

मी मूळची डिचोलीची. लग्न होऊन पुण्याला गेले त्याला बावीस वर्षे झाली आणि एवढ्या वर्षांत सासरच्या माणसांनी पाहिलेला गोवा म्हणजे कळंगुट, बागा आणि परतताना काजूची पाकिटे. यंदा मी हट्टच धरला. गाडी कमी, पाय जास्त. पहिल्या दिवशी पणजी, दुसऱ्या दिवशी जुने गोवे आणि बोटीतून पलीकडे दिवाडी बेट, तिसऱ्या दिवशी फोंड्याकडची देवळे, मग आईकडे डिचोलीला. नवरा फक्त एवढेच म्हणाला, "मे महिन्यात? पायी?" पुढच्या तीन दिवसांत त्याने हे वाक्य पुन्हा उच्चारले नाही, हा त्याचा मोठेपणा.

पहिल्या दिवशी साडेआठला आम्ही पणजीच्या चर्चसमोर उभे होतो. त्या पांढऱ्या नागमोडी पायऱ्या चढून गेलो, फोटो झाले, उतरलो. चढताना पायाला काही होत नाही, उतरताना होते. उतरताना पाय बुटात पुढे सरकतो आणि बोटे टोकावर आदळत राहतात. नखे वाढलेली असली तर संध्याकाळपर्यंत अंगठ्याचे नख काळेनिळे. हे मला ठाऊक होते, कारण लेक सह्याद्रीत ट्रेक करते आणि निघण्याच्या आदल्या रात्री तिने सगळ्यांना नखे कापायला बसवले होते. सोळा वर्षांची मुलगी हातात नेलकटर घेऊन बापाच्या मागे लागली आहे, हे दृश्य आमच्याकडे नेहमीचे.

तिथून फोंतेन्हास. पिवळ्या, निळ्या, गेरूच्या भिंती, खिडक्यांची कौलारू छज्जे, दारातल्या कुंड्या. ३१ जानेवारी रस्त्यावरून आत वळलो, सेंट सेबास्तियनच्या छोट्या चॅपेलपर्यंत आलो आणि माझ्या उजव्या टाचेला कोणीतरी उदबत्ती टेकवल्यासारखे झाले. एवढेसे. चालणे थांबवावे असे त्यात काहीच नव्हते. पुढे माळ्याचा झरा दाखवायचा होता, वर मारुतीच्या देवळापर्यंत चढायचे होते, आणि यजमानीण मीच. माझाच पाय आधी कुरकुरला असे कसे चालेल? मी शंभरेक पावले तशीच गेले. लेक मागून चालत होती. ती म्हणाली, "आई, तू डावीकडे झुकून चालतेयस. बस."

चॅपेलच्या पायरीवर तिने माझा बूट काढायला लावला. टाच लाल झाली होती, पण फोड आलेला नव्हता. तिने पाय रुमालाने कोरडा केला, दोन मिनिटे हवा लागू दिली आणि सॅकमधून पांढऱ्या कागदी टेपचे भेंडोळे काढले. दवाखान्यात सलाईनची सुई हलू नये म्हणून हातावर लावतात ना, तीच. औषधांच्या कुठल्याही दुकानात मिळते. तिने दोन तुकडे कापले आणि नखांच्या कात्रीने त्यांचे चारही कोपरे गोल केले. कोपरा टोकदार राहिला तर मोज्यात अडकून उचकटतो, म्हणाली. मग एकही सुरकुती न पाडता टाचेवर बसवले. आईच्या पायाशी बसलेली ती मुलगी आणि अंगठ्याने चिकटवलेली ती टेप, मला अजून दिसते.

"फोड घासून येतो असं वाटतं तुला," ती म्हणाली. "तसं नसतं. हात दे."

डाव्या हाताच्या मागच्या बाजूला तिने माझेच बोट टेकवले. घासू नको, नुसते दाबून पुढेमागे हलव. मी हलवले. बोट कातडीवरून घसरले नाही, कातडीच बोटाबरोबर गेली. खालची हाडे जिथल्या तिथे. पायात याचे उलटे होते. कातडी घामाने मोज्याला चिकटून जागेवर राहते आणि प्रत्येक पावलाला हाड आत पुढेमागे सरकते. मधल्या थरांना ही ओढाताण सोसवत नाही. कातडीच्या आतल्या आत एक थर दुसऱ्यापासून सुटतो आणि त्या फटीत पाणी भरते. त्या संध्याकाळी बेबिंका, आमचा थराथरांचा गोड पदार्थ, खाताना तिने चमच्याने वरचा थर अलगद ढकलून दाखवला. वरचा पापुद्रा शाबूत आणि मधले थर सुटलेले. नवऱ्याने ती बशी बाजूला सारली.

म्हणून फोड तळव्याला, टाचेला, तळहाताला येतो, जिथे कातडी जाड आणि खाली घट्ट बांधलेली असते. दंडावरची पातळ कातडी घासली तर सरळ सोलवटते, पाण्याचा फोड धरत नाही.

आपल्या भाषेत मात्र जोडा चावतो. चावणारे जनावर म्हटले की त्याला माणसाळवता येते, अशी आशा त्या शब्दातच आहे. माझे वडील नव्या कोल्हापुरीला खोबरेल तेल पाजत. पाजत, हाच शब्द. टाचेचा पट्टा पाट्यावर धरून वरवंट्याने ठेचत. आई शाळेच्या नव्या बुटांत आतून मेणबत्ती घासायची. आणि सगळ्यात महत्त्वाचे, नवी चप्पल आठ दिवस फक्त घरात आणि अंगणात घालून हिंडायची, मगच बाजारात. ताईंचे बूट पुण्यातल्या खोक्यातून निघाले ते थेट पणजीच्या पायऱ्यांवर.

"ताई, तुमचं काय? बूट चावतायत का?" मी चॅपेलच्या पायरीवरून विचारले होते. विचारले होते, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते.

"छे गं. मऊ आहेत अगदी. कळतसुद्धा नाहीत."

आम्ही सगळे हसलो. बघ, ताईंकडून शिक, असे नवरा मला म्हणाला.

त्या रात्री लॉजवर मी मोबाईलवर वाचत पडले. माझी दुसरी चूक तेव्हा कळली. निघताना सगळ्यांसाठी नवे सुती मोजे घेतले होते मीच. सुती म्हणजे चांगले, घाम टिपते, हे आपल्याकडे आईच्या दुधाबरोबर मिळालेले ज्ञान. सूत घाम टिपते हे खरेच. पण टिपून सोडत नाही, धरून ठेवते. आणि किंचित ओलसर कातडीला मोजा जितका घट्ट पकडतो तितका कोरडीला पकडत नाही. मे महिन्यात पणजीत हवाच मुळी ओली. १९९० मध्ये अमेरिकेत ३५ लांब पल्ल्याच्या धावपटूंना एकाच विणीचे दोन प्रकारचे मोजे देऊन पाहिले, एक सुती आणि एक ॲक्रिलिक या कृत्रिम धाग्याचे. ॲक्रिलिकच्या मोज्यांत फोड निम्म्यावर आले. पुढे त्याच संशोधकांनी पातळ विणीचे मोजे घेतले तेव्हा मात्र तसा फरक दिसला नाही, म्हणजे धाग्याइतकीच विणीच्या जाडीचीही करामत असणार. पण दोन्ही बाबतींत आमचे पातळ सुती मोजे नापासच.

घामच बंद केला तर? तेही करून झाले आहे. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतल्या कॅडेटांना पायाला घाम रोखणारे औषध लावून २१ किलोमीटर चालवले. त्याचा निकाल १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधवाल्यांपैकी २१ टक्क्यांना फोड आले, औषधाविना नुसते अल्कोहोल लावलेल्यांपैकी ४८ टक्क्यांना. पण औषधवाल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांचे पाय आग-आग झाले, खाज सुटली. फोड टाळायला खाज विकत घ्यायची, हा सौदा मला काही पटला नाही. व्हॅसलीनचेही असेच. लावल्यावर छान घसरते, पण थोड्या वेळाने मुरते आणि मग पकड आधीपेक्षा वाढते. लावायचे तर पुन्हा पुन्हा लावावे लागते. त्यापेक्षा लेकीची युक्ती बरी, आत एक पातळ मोजा आणि वर दुसरा. घसराघसरी दोन मोज्यांच्या आपापसात होते, कातडी त्यातून सुटते. फक्त त्यासाठी बूट घेतानाच दोन मोजे घालून, संध्याकाळी, दिवसभराने पाय थोडे सुजलेले असताना घ्यायला हवेत. रविवारी सकाळी अकराला नव्हे. आणि ज्याचा पाय त्याला नेऊन.

दुसऱ्या दिवशी जुने गोवे. बॉ जेजूच्या बासिलिकेत, जांभ्या दगडाच्या त्या उघड्या भिंतींपाशी, पायांचा विषय निघाल्यावाचून राहीना. इथे ज्याचे शव ठेवले आहे तो सेंट फ्रान्सिस झेवियर, आमच्याकडचा गोंयचो सायब, १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला. त्याचे शव सव्वा वर्षाने गोव्यात आले, तेव्हा दर्शनाला आलेल्या एका पोर्तुगीज बाईने भक्तीच्या भरात पायाचे बोट चावून तोडून घेतले, असे सांगतात. ही गोष्ट मी लहानपणी आजीकडून ऐकली होती आणि ती सांगताना आजीचा चेहरा फार गंभीर असे. लेक म्हणाली, "म्हणजे जोडाच चावतो असं नाही."

तिथून धक्क्यावर चालत गेलो, बोट धरली आणि दिवाडीला उतरलो. दिवाडीत डांबरी रस्ता सरळ शेतांमधून जातो, कडेला खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, मे महिन्यात भेगाळलेली. ऊन असे की बोलणे बंद. वर टेकडीवरच्या चर्चपर्यंत जाऊन आलो. माझी टाच टेपखाली सुखात होती. आदल्या दिवशीच्या पाच मिनिटांचे ते फळ. थांबायला लाज वाटते, कारण अजून काहीच झालेले नसते. दुखत नसलेल्या पायासाठी चार माणसांना उन्हात कसे थांबवायचे? आणि दुखायला लागल्यावर थांबून उपयोग नसतो.

तिसरा दिवस देवळांचा. मंगेशी, मार्दोळ, कवळे. इथले देवसुद्धा चालत आलेले, हे मी सगळ्यांना दर वेळी सांगते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळे पाडू लागले तेव्हा कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून आजच्या मंगेशीला आला, वेर्ण्याची म्हाळसा मार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. रात्री-अपरात्री, भक्तांच्या डोक्यावरून आणि खांद्यावरून. त्या लोकांच्या पायांत काय असेल, हा विचार मात्र यंदाच पहिल्यांदा आला.

देवळांच्या सहलीत पायाचे जे हाल होतात ते कुठल्याच ट्रेकमध्ये होत नाहीत, असे माझे आता ठाम मत आहे. बूट दहा वेळा काढायचे आणि घालायचे असतात, म्हणून लेस कोणी नीट बांधत नाही. ताईंनी पहिल्याच देवळानंतर लेस सैल सोडून दिली होती, पाय सपातीसारखा आत सरकवायचा. सैल बुटात पाय प्रत्येक पावलाला हिंदकळतो. लेस घोट्याजवळच्या शेवटच्या भोकापर्यंत ओवून टाच मागे घट्ट बसवली पाहिजे, पुढे बोटांना जागा आणि मागे टाचेला पकड. आम्ही नेमके उलटे केले होते. देवळात शिरताना नळावर पाय धुवायचे. आत दुपारचे फरशीचे चटके. काथ्याची पट्टी घातलेली असते तिच्यावरून चालायचे, पण प्रदक्षिणेत पाय सुटतोच. मग बाहेर येऊन, ओल्या पायांवर, तोच कालचा सुती मोजा. फोड आणायचाच असा निश्चय करून कोणी बसले असते तरी यापेक्षा वेगळे काही केले नसते.

मंगेशीच्या दीपस्तंभापाशी ताईंनी माझ्याकडून फोटो काढून घेतला. नव्या बुटांसकट यावा म्हणून दोन पावले मागे गेल्या. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात त्या हसतायत आणि डाव्या बुटात तेव्हा काय चालले होते ते त्यांनाही माहीत नाही.

रात्री लॉजवर त्यांनी मोजा काढला आणि म्हणाल्या, "अगं, हा अजून ओलाच आहे बघ सकाळपासून."

डाव्या पायाच्या चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाच्या नाण्याहून मोठा फोड होता. होता म्हणजे फुटलेला होता. वरची कातडी एका बाजूने गोळा झाली होती, खाली लालभडक, आणि मोज्यावर पिवळसर डाग पसरून वाळला होता. त्याच्या कडेला दुसरा, अजून टरारलेला. मला पाहवेना. माझ्या एका लाल टाचेसाठी चॅपेलच्या पायरीवर अख्खे कुटुंब थांबले होते, आणि या जखमेवर ताई दिवसभर चालल्या, जिने चढल्या, प्रदक्षिणा घातल्या.

"दुखत नव्हतं?"

"नाही गं. आत्ताही नाही." आणि मग, आम्हा तिघांचे चेहरे पाहून, "काय झालंय एवढं?"

ती रात्र वाईट गेली. नवऱ्याने मोबाईल हातातून काढून घेईपर्यंत मी वाचत होते, आणि अशा वेळी जे वाचू नये तेच समोर येते. १९२४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा व्हाइट हाउसच्या मैदानावर पायमोज्यांशिवाय टेनिस खेळला. बोटाला फोड आला, त्यात जंतू शिरले, रक्तात विष भिनले आणि आठवड्याभरात तो गेला. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षे होती. माझ्या शेजारच्या पलंगावर माझी सोळा वर्षांची लेक झोपली होती आणि पलीकडे ताई घोरत होत्या. आता औषधे आहेत, हे मला कळत होते. तरी उठून दोनदा त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

सकाळी पणजीतल्या एका डॉक्टरांकडे गेलो. साठीचे गृहस्थ, बोलणे मोजके. जखम धुतली, औषध लावून पट्टी केली, वरची सैल कातडी उगाच ओढून काढली नाही. बऱ्या माणसाचा फोड लहान असेल तर फोडू नये, आतले पाणी हीच त्याची गादी, असे ते लेकीला म्हणाले. मोठा असेल, चालू देत नसेल तर स्वच्छ सुईने कडेला टोचून पाणी काढावे, पण वरचे छप्पर ठेवावे. पाच-एक दिवसांत खाली नवी कातडी तयार होते. "हे बऱ्या माणसाचं. यांच्या फोडाला घरी कोणी सुई लावायची नाही."

मग त्यांनी खणातून पेनासारखी एक दांडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा एक जाडसर तंतू होता, मासे धरायच्या दोरीसारखा. ताईंना म्हणाले, डोळे मिटा, मी पायाला हा लावीन, जाणवलं की हो म्हणा.

ताईंनी डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले, देवापुढे बसल्यासारख्या. डॉक्टरांनी तंतू त्यांच्या कपाळाला टेकवून दाखवला. "हो," ताई म्हणाल्या. मग उजव्या अंगठ्याखाली. तंतू टेकला, कमानीसारखा वाकला, उचलला. खोलीत पंख्याचा आवाज. मग करंगळीखाली. मग चवड्याच्या मधोमध. मग डाव्या पायाला, जखम टाळून, तीन ठिकाणी. टाचेपाशी एकदा ताई "हो" म्हणाल्या, जरा उशिरा. आम्ही तिघे भिंतीशी उभे राहून पाहत होतो. तंतू वाकत होता, सरळ होत होता.

"सुरू करा ना डॉक्टर," ताई डोळे मिटूनच म्हणाल्या.

डॉक्टरांनी दांडी खणात ठेवली. बऱ्याच वर्षांच्या साखरेने पायाच्या नसा अशा हळूहळू मुक्या होतात, म्हणाले, आणि त्या माणसाला ते कळत नाही, कारण कळवण्याचे कामच नसांचे. बूट मऊ होते म्हणून ताईंना कळले नाहीत असे नव्हे. मग ते माझ्याकडे वळले, कोण जाणे का माझ्याकडेच, आणि म्हणाले, "यांना दुखतंय का विचारू नका यापुढे. बघा. रोज रात्री, दोन्ही पाय, बोटांच्या बेचक्यांसकट. तळवा दिसत नसेल तर आरसा धरा." बुटांवर त्यांनी एक नजर टाकली. आतून हात घालून पाहिला, दोन बोटे टोकापर्यंत नेली. "एक नंबर लहान आहेत," म्हणाले. एवढेच.

समुद्र राहिला. मिरामारवरून करंजाळ्यापर्यंत वाळूतून चालायचा माझा बेत होता. बरे झाले राहिला. ओल्या वाळूचे कण रबरी चपलेच्या पट्टीखाली गेले की अंगठ्याच्या बेचक्याची सालटी निघतात, हे पर्यटकांच्या चालण्यावरून किनाऱ्यावर कुठेही दिसते.

आम्ही डिचोलीला आईकडे आलो. आई दारातच, "कितें जालें गो?" मग ताईंकडे पाहून लगेच मराठीत, "या ताई, आधी पाय वर घेऊन बसा." सोप्यावर दोन उशा रचल्या गेल्या आणि ताईंचा डावा पाय त्यावर विराजमान झाला. पंधरा दिवस बूट नाही, चवड्यावर भार नाही. नवरा आणि लेक दोन दिवसांनी पुण्याला गेले, मी ताईंजवळ राहिले. माझा पायी गोवा असा एका सोप्यावर संपला. मानकुराद आंबे संपत आले होते. ताईंना रोज अर्धी फोड, आई मोजून देई, आणि "फोड" म्हटले की आम्ही तिघीही हसू लागायचो.

जाण्याआधी लेकीची आणि माझ्या मामाची गाठ पडली. मामा आमच्याकडच्या दिंडीबरोबर अनेक वर्षे पंढरीला चालत गेलेला, आता ऐंशीकडे आलेला. त्याचे तळवे पाहिले की कोल्हापुरी कशाची करतात ते कळते. वारीत फोड आला की काय करता, लेकीने विचारले. सुईत दोरा ओवायचा, फोडातून आरपार काढायचा आणि दोरा तसाच ठेवायचा. पाणी झिरपून जाते, भोक बुजत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा चाल. लेक कळवळली. "अहो आजोबा, त्या दोऱ्यावरून जंतू सरळ आत!" मामा म्हणाला, "पांडुरंगाच्या दोऱ्यावरून नाही येत." मग जरा थांबून, "एकाचा पाय सुजलेला पण. त्याला टेम्पोत घालून परत धाडला."

तिने त्याला कागदी टेपचे भेंडोळे दाखवले आणि ती गोष्ट सांगितली जी तिला फार आवडते. वाळवंटातल्या सहा टप्प्यांच्या शर्यतींमध्ये धावपटूंच्या पायांना ही साधी टेप आधीच लावून पाहिली होती. १२८ जण होते. टेपवाल्या जागी फोड ४० टक्क्यांनी कमी झाले. २०१६ मध्ये ते छापून आले. शर्यत किती लांबीची, मामाने विचारले. सुमारे २५० किलोमीटर.

"म्हणजे आळंदी ते पंढरपूर," मामा म्हणाला. त्याला या योगायोगाचे काहीच वाटले नाही. "आणि कितीला मिळतं हे?" लेकीने भेंडोळे त्याला देऊन टाकले. त्याने ते कानाशी नेऊन टरकन थोडेसे सोडवले, वास घेतला आणि बंडीच्या खिशात ठेवले. वारीला तो आता जात नाही. कोणाला तरी देईल.

आता रात्री नऊला पुण्याहून फोन येतो, लेकीचा, चित्राचा. आई कंदिलासारखा टॉर्च धरून उभी राहते, मी पट्टी सोडते. जखमेच्या कडेने गुलाबी कातडी आत सरकते आहे, रोज तांदळाच्या दाण्याएवढी. डॉक्टर म्हणाले होते, यांचं सावकाश होईल. लेक फोनमधून जवळ घे, अजून जवळ घे म्हणत राहते. आई पुटपुटते की देवाच्या पायांकडेसुद्धा कोणी इतके निरखून बघत नाही.

"आत्या, आता दुसरा."

"दुसऱ्याला काही झालेलं नाही गं."

"दाखव तरी."

ताई उजवा पाय उचलतात. मी त्याखाली आरसा धरते.